नाबुलहून आलेलं काचेचं भांडं

केलिबिया, सायकलींची वखार
बुधवार, १८ सप्टेंबर

दोर्साफ,

काल दुपारपासून तुझा फोन लागत नाही. सव्वीस वेळा लावला. सत्ताविसाव्या वेळी डोक्यात प्रकाश पडला की तू माझा नंबर बंद केला आहेस. म्हणून कागदावर लिहितोय आणि तिजानीकाकांच्या हाती देतोय. पाहुण्यांच्या बॅगा घेऊन ते रोज हवारियाकडे येतात, त्यात हीही एक बॅग समज.

खरं तर नंबर बंद करायचा हक्क माझा होता.

रविवारी, मौलिदच्या सणाच्या सकाळी, काकांची गाडी नाबुलहून आली तेव्हा मी दारात बसून चेनला तेल घालत होतो. गाडीत पुढच्या सीटवर माणूस नव्हता. पट्टा लावून एक भांडं बसवलं होतं. कापीव काचेचं, परातीएवढं. आत पाइनच्या बियांची काळी खीर, वर पांढरी साय, सायीवर बदाम-पिस्त्यांची नक्षी आणि कडेने चांदीच्या गोळ्या, दुहेरी. शेजारीपाजारी वाटायची खीर अशी नसते, एवढं मलाही कळतं. अशी खीर सणाला मुलाच्या घरून मुलीच्या घरी जाते, आणि ती ठेवून घेतली की निम्मी बोलणी झाली.

मी म्हटलं, "काका, ही कुणाची नवरी बसवून आणलीत?"

"नाबुलच्या एका घरची आहे. हवारियाला जायची आहे."

"हवारियात कुणाकडे?"

"मोंजियाबाईंकडे." म्हणजे तुझ्या आईकडे.

"आणि नाबुलात कुणाकडून?"

काकांनी आरशात बघून मिशी सारखी केली. "चांगलं घर आहे. तुला काय करायचंय? तू तेल घाल."

गाडी कंपनीची, ड्रायव्हर कंपनीचा, घर नाबुलचं आणि वर चांगलं. आमच्या मालकांशिवाय, रऊफसाहेबांशिवाय कोण? त्यांचा तो भाचा मारवान तीन आठवडे फोटो काढायच्या नावाखाली तुमच्याकडे जेवतो आहे. तू भट्टीतून पाव काढलास की हा कॅमेरा काढतो. मी कुंभाराचा मुलगा, आमच्या घरात काच फक्त खिडकीला. जूनमध्ये कॉलेज सोडलं त्या दिवसापासून माझी आई माझ्याशी बोलत नाही. मग माझ्यासाठी कोण येणार होतं तुझ्या दारात? मारवानची खीर मात्र पट्टा लावून येते.

काल अकरा पाहुण्यांना घेऊन समोरच्या वाऱ्यात पंचवीस किलोमीटर आलो. वाटेत केरकुआनला त्या अडीच हजार वर्षांपूर्वीच्या घरांतली गुलाबी न्हाणीघरं दाखवली. एक बाई विचारते, इथे नवरा-बायको एकत्र अंघोळ करायचे का. मी म्हटलं, नाही, इथे बसून भांडायचे. तिने ते वहीत लिहून घेतलं.

तुमच्या घरात शिरलो तर भांडं खिडकीत. दोन दिवस झाले तरी चमचा लागलेला नाही. मोंजियामावशी माझ्याकडे बघून हसल्या. म्हणाल्या, "ओळखलंस का भांडं?"

"ओळखलं."

"मग? कसं वाटलं?"

"दाखवतो," मी म्हटलं.

आणि उचलून पाहुण्यांच्या मधोमध ठेवलं. चमचे वाटले. ही आमच्या किनाऱ्याची सगळ्यात जुनी मिठाई, पोटभर खा, असं भाषण केलं. बेल्जियमचे ते दातांचे डॉक्टर कडेच्या चांदीच्या गोळ्या एकेक टिपत होते. मारवानसुद्धा खात होता, स्वतःच्या घरची खीर, मिटक्या मारत. दहा मिनिटांत काच दिसायला लागली. मग मी भांडं धुतलं, मावशींच्या हातात पालथं ठेवलं आणि म्हटलं, "ज्यांचं आहे त्यांना असंच रिकामं परत पाठवा. सांगा, वजदीने पाठवलंय."

तू दारात उभी होतीस. कोपरापर्यंत पीठ. वळून आत निघून गेलीस.

आता बोल. खीर ठेवून घेतलीत ती तुझ्या मर्जीने की नाही, एवढंच सांग. हो असेल तर पुढच्या मंगळवारचा गट दुसरा कुणी आणेल. मी या रस्त्यावर परत दिसणार नाही.

वजदी


हवारिया
शुक्रवार, २० सप्टेंबर

वजदी,

तुझं पत्र मी उघडलेलं नाही. तिजानीकाकांकडे तसंच परत दिलंय. तुला जे सांगायचं होतं ते तू अकरा परक्या माणसांसमोर सांगून मोकळा झालास, त्यासाठी कागद कशाला वाया घालवायचा.

मी लिहितेय ते तू वाच. पुन्हा लिहिणार नाही.

ती खीर कुणी केली हे तुला माहीत होतं. आईने विचारलं तेव्हा तू स्वतःच्या तोंडाने म्हणालास, ओळखलं. मग तुला हेही माहीत असणार की त्या बाईने तीन तास पळी थांबवली नाही. त्यांच्या मनगटावर फोड आला. काकांनी सांगितलं. भांडं आमच्या मेजावर ठेवून काका म्हणाले, "मोंजियाबाई, त्यांनी सांगितलंय, गोड मानून घ्या आणि बाकीचं भेटून बोलू." आईने त्याच संध्याकाळी कपाटातली चादर काढली, तिला इस्त्री केली. पाहुणे यायचे म्हणून. दोन दिवस ती कुणाला त्या खिरीला हात लावू देत नव्हती. म्हणाली, आधी वजदी चाखेल.

चाखलीस.

तुला मी नको होते तर खूप सोपे रस्ते होते. मला सांगायचं होतंस. तुझी भीड मला कधी वाटली नाही, तुला माझी का वाटावी. पण रिकामं भांडं? आमच्या गल्लीत अंड्याची वाटी आली तरी परत जाताना तिच्यात चार मिरच्या असतात. आणि तू धुऊन, पुसून, पालथं घालून आईच्या हातात दिलंस. तिने काय केलं असेल? तू सांगितलंस तेच केलं. त्याच संध्याकाळी काकांबरोबर भांडं नाबुलला पाठवलं, रिकामं, तुझ्या निरोपासकट. पाठवताना ती मला म्हणत होती, "मुलगा म्हणतोय तर मी कोण?"

मंगळवारी गट आला तर जेवण मिळेल. पाहुण्यांचा काही गुन्हा नाही. तू अंगणाबाहेर सायकलींजवळ थांब. तुझी ताटली तिथे येईल.

दोर्साफ


केलिबिया
शनिवार, २१ सप्टेंबर

दोर्साफ,

माझं पहिलं पत्र याच पाकिटात परत घातलंय. फाडायचं असेल तर फाड, पण आधी उघड. माझं म्हणणं न ऐकता मला शिक्षा सुनावणारी तू कोण?

आणि वर मला दया यावी म्हणून लिहितेस, मनगटावर फोड आला. रऊफसाहेबांच्या बहिणीच्या मनगटावर? त्या बाईच्या स्वैपाकघरात दोन बायका कामाला आहेत. तिने आयुष्यात पळी धरली असेल तर ती फोटो काढण्यापुरती. मारवानलाच शिकवलं असेल तिने, धरायचं कसं आणि हसायचं कसं.

"मुलगा म्हणतोय तर मी कोण" हे मावशी म्हणाल्या, त्याचं मला नवल वाटलं. मुलगा मी नाहीच ना. मुलगा मारवान. मी सायकलीमागे सायकल चालवणारा, पाहुण्यांची पंक्चर काढणारा. दोन वर्षं, आधी कॉलेज बुडवून, तुमच्या घरी दर मंगळवारी जेवलो, तुझ्या हरिसाच्या चटणीने डोळ्यांत पाणी आलं तरी "अजून वाढ" म्हणालो. मूर्ख होतो. तिखट होतं ते.

तू चादर इस्त्री केल्याचं सांगतेस ते कुणाला? ज्याचं जळतंय त्यालाच?

मी रऊफसाहेबांना काल सांगून टाकलंय की ऑक्टोबरपासून मी नाही. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, तुमच्या घरच्यांना विचारा. ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मीच त्यांच्या घरचा कुत्रा चोरलाय.

काकांना मी विचारलं, तुम्हीच सांगा, मी चुकलो का? काका म्हणाले, "मला विचारू नकोस. मी शपथ घेतलीये." घ्या. शपथ घेऊन लग्नं जुळवतात आता.

मंगळवारी मी येतोय. सायकलींजवळ जेवणार नाही. जेवणारच नाही.

वजदी


हवारिया
रविवार, २२ सप्टेंबर

वजदी,

दोन्ही पत्रं वाचली. आईलाही वाचून दाखवली. ती उठून गेली आणि पाणी पिऊन परत आली.

रऊफसाहेबांची बहीण?

मारवानचं लग्न बिझर्तच्या मुलीशी ठरलंय, नोव्हेंबरमध्ये आहे, सगळ्या किनाऱ्याला माहीत आहे. तो पावाचे फोटो काढतो कारण त्याला कंपनीचं इंटरनेटवरचं पान भरायचं असतं. त्याने मला आजवर एकच गोष्ट विचारली आहे, मीठ कुठे आहे.

खीर तुझ्या आईने पाठवली होती.

तुझ्या आईने, वजदी. सलूहामावशींनी. नाबुलच्या कुंभारवाड्यातल्या. काकांनी आज कबूल केलं, त्यांना सलूहामावशींनी शपथ घातली होती की तुला त्या स्वतः सांगतील, शुक्रवारी तू घरी आलास की. तू या शुक्रवारी घरी जाणार नाहीस हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आम्हाला वाटलं तुला ठाऊक आहे. तुला वाटलं आम्हाला लाज नाही. आणि तू आम्हाला विचारलं नाहीस. एक प्रश्न होता. "कुणाचं आहे?" एवढाच. पाहुण्यांना न्हाणीघराबद्दल खोटं सांगायला तुझ्याकडे वेळ होता.

मला आता तुझा पहिल्यापेक्षा जास्त राग आलाय. आधी वाटत होतं तू वाईट वागलास. आता कळलं की तू मला असं समजतोस. दोन वर्षं ओळखून तुला वाटलं की मी मागच्या दाराने दुसऱ्याची खीर ठेवून घेईन आणि पुढच्या दाराने तुला जेवायला वाढीन. ते भांडं तू रिकामं केलंस ते एका परीने परवडलं. हे नाही परवडत.

माझ्याकडे नंतर ये. आधी नाबुलला जा. तिथे एक बाई समजून बसली असेल की आम्ही तिला नाही म्हटलं.

दोर्साफ


नाबुल
सोमवार, २३ सप्टेंबर

वजदी,

तुझं चार ओळींचं पत्र तिजानीने दिलं. "आई, चूक झाली, येऊ का" असं लिहिलंयस. घर तुझं आहे, विचारतोस काय. पण येण्याआधी हे वाच, म्हणजे दारात उभं राहून तोंड उघडायची गरज पडणार नाही.

मंगळवारी संध्याकाळी तिजानी भांडं घेऊन आला. रिकामं. मला वाटलं मोंजियाने मला उत्तर दिलं. मी म्हटलं, बरोबर आहे तिचं. कॉलेज अर्धं सोडून सायकलीवर फिरणाऱ्याला कोण मुलगी देईल. दोन दिवस मी कुणाला तोंड दाखवलं नाही. तुझ्या बापाने भट्टी लावली तरी मी रंगवायला बसले नाही. तिजानी तुझा निरोप द्यायला धजला नाही, नुसता "भांडं आणलंय" म्हणाला आणि चहा न पिता पळाला.

मग शुक्रवारी शेजारच्या मुलीने मला तिच्या फोनवर तुमच्या कंपनीचं पान दाखवलं. अकरा माणसं, काळे दात, हातात चमचे. मध्ये माझं भांडं. आणि तू. मामी, बघा तुमचा वजदी किती खूश आहे, म्हणाली.

तू हसत होतास त्यात.

काच मी मुद्दाम घेतली. आपलं मातीचं भांडं तू लांबून ओळखलं असतंस, मी रंगवलेला मासा त्यावर बघून. शिवाय कुंभाराने सोयरिकीत मातीचं भांडं पाठवलं तर लोक म्हणतात, घरचंच होतं म्हणून दिलं. म्हणून बाजारात जाऊन सगळ्यात महागडं आणलं. जूनमध्ये मी तुला म्हटलं होतं, कॉलेज पुरं केल्याशिवाय त्या मुलीचं नाव या घरात काढू नकोस. तू नाही काढलंस. मीच काढलं. माझ्याच्याने राहवेना.

त्या काचेच्या भांड्यात मी पुदिना लावलाय. आता ते सोयरिकीला चालणार नाही.

पुन्हा खीर मी करणार नाही. रिकामं तू केलंस, भरशील तू. बिया भिजत घातल्यात. पळी खुंटीला आहे.

आई


केरकुआन
गुरुवार, २६ सप्टेंबर

दोर्साफ,

गुलाबी न्हाणीघराच्या काठावर बसून लिहितोय. शेजारी भांडं आहे. पहारेकरी दोनदा येऊन गेला, म्हणाला, इथे खायला परवानगी नाही. मी म्हटलं, खाल्लं तर माझं लग्न मोडेल, तू काळजी करू नकोस.

मंगळवारचा गट दुसऱ्या मुलाने आणला, तुला माहीतच आहे. मी नाबुलला होतो. आई दारात भेटली. वाटलेल्या बिया गाळून ठेवल्या होत्या, तिने माझ्या हातात पळी दिली आणि खुर्ची टाकून समोर बसली. पहिल्या तासात मी तिला सगळं सांगितलं. दुसऱ्या तासात तिने मला एकच शब्द सांगितला, "ढवळ." रसायनशास्त्रात दीड वर्ष काढून मला एवढं कळलं नव्हतं की पीठ एका क्षणात गुठळी धरतं आणि मग कितीही रागावलं तरी सुटत नाही. तिसऱ्या तासाला हात थांबला. फक्त नाक पुसायला. तेवढ्यात तळ लागला.

मला तेव्हा असा राग आला की पातेलं उचलून अंगणात फेकावं. आई म्हणाली, "फेक. बिया अजून आहेत, तुझे हातही आहेत." मग नाही फेकलं.

करपल्याचा वास आहे. लपवत नाही. साय मीच ओतली, नक्षीही मीच केली, म्हणून ती नक्षीसारखी दिसत नाही. चांदीच्या गोळ्या नाहीत. भांडं आईने दिलं. आपलंच, मातीचं, तिच्या हातचा मासा असलेलं. मी म्हटलं, लोक म्हणतील घरचंच होतं. ती म्हणाली, "आता घरचंच जाऊ दे."

तिजानीकाकांनी गाडीत घेतलं नाही. "पत्रं नेईन," म्हणाले, "तुझं भांडं या जन्मात नाही." म्हणून सायकलीच्या पुढे खोकं बांधलं, आत उशी घातली, वरून फडकं ताणलं. नाबुल ते इथपर्यंत दोन दिवस लागले. काल कोर्ब्याच्या पुढे वारा असा सुटला की शेवटी उतरून चालत आलो. वाटेत लोक विचारत होते, सायकल बिघडली का. मी कुणालाच उत्तर दिलं नाही, नाहीतर भांडण झालं असतं.

तू लिहिलंस की मी तुला असं समजतो, ते मला सगळ्यात जास्त लागलं, कारण खोडून काढता येत नाही. मी समजलोच होतो. मारवानपेक्षा मी कमी आहे हे मला आधीपासून वाटत होतं. ते माझ्या डोक्यात होतं, तुझ्या नाही. आणि मी ते तुझ्या माथी मारलं, अकरा चमच्यांनी.

माफी मागायचा मला सराव नाही. मागतो आहे.

भांडं मावशींच्या हातात देईन, सुलटं. अंगणात येणार नाही. सायकलीजवळ थांबेन थोडा वेळ.

वजदी


हवारिया
शनिवार, २८ सप्टेंबर

वजदी,

तू सायकलीजवळ तासभर थांबलास. मी खिडकीतून बघितलं. येणार नव्हते, आले नाही.

खीर करपली आहे. आई म्हणाली, सलूहाने जाणूनबुजून पोराला करपवू दिली असणार, ती हुशार बाई आहे. तरी आम्ही दोघींनी खाल्ली. सगळी नाही. अर्धी शेजारी वाटली आणि प्रत्येक दारात आईने सांगितलं, "नाबुलहून आली आहे." कुणाकडून ते नाही सांगितलं. कुणी विचारलं तर ती म्हणते, "मासा बघा भांड्यावरचा."

भांडं अजून तुमच्याकडे परत गेलेलं नाही. रिकामं पाठवायचं नाही, हे तुला आता कुणी शिकवायला नको. आणि भरून पाठवायला माझ्याकडे सध्या फक्त राग आहे. तो तुझ्या घरी आधीच पुरेसा आहे. माझा निवळला की त्यात काय घालायचं ते मी ठरवीन. महिना लागेल, कदाचित जास्त. तोवर ते आमच्या खिडकीत राहील, काचेचं होतं तिथेच. सलूहामावशींना सांग, कुठेही गेलेलं नाही. चादर पुन्हा कपाटात ठेवली आहे, घडी मोडलेली नाही.

रऊफसाहेबांना सांग की ऑक्टोबरमध्ये तू आहेस. त्यांच्या बहिणीची माफी माग. माफी कशाबद्दल, असं ती विचारेल, तेव्हा खरं सांग.

तुझा नंबर मी उघडलेला नाही. कागदावर तू बरा बोलतोस.

मंगळवारी बारा जणांचं जेवण आहे. अकरा पाहुणे आणि तू. आत बसायचं. तुझ्यापुढे ठेवलेलं नसेल अशा कुठल्याही भांड्याला हात लावायचा नाही.

दोर्साफ